खिडकीत अंधार, फोटोत उजेड

पासपोर्टच्या किंवा शाळेच्या ओळखपत्राच्या फोटोसाठी आपण सगळेच कधी ना कधी स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेलो असतो. समोर कॅमेरा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या छत्र्या लावलेले दिवे, ‘हनुवटी जरा खाली घ्या’ अशी सूचना, आणि मग डोळे दिपवणारा एक लखलखाट. तो लखलखाट म्हणजे फ्लॅश. स्टुडिओत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या फ्लॅशना छायाचित्रकार ‘स्ट्रोब’ असेही म्हणतात.

गेल्या काही वर्षांत अशा स्टुडिओंमध्ये आरशाच्या कॅमेऱ्यांची जागा बिनआरशाचे कॅमेरे घेऊ लागले आहेत. हा बदल करणाऱ्या छायाचित्रकाराला पहिल्याच दिवशी एक चमत्कारिक अनुभव येतो. सगळी जुळणी नेहमीसारखी करून तो कॅमेऱ्याच्या खिडकीला, म्हणजे व्ह्यूफाइंडरला, डोळा लावतो, तर आत जवळजवळ काळोख. समोर बसलेला माणूस धड दिसतही नाही. कॅमेरा बिघडला असावा असे समजून तो तरीही बटण दाबतो. फ्लॅश पडतो आणि फोटो मात्र उत्तम येतो.

जो कॅमेरा इतका चांगला फोटो काढतो, त्याच्या खिडकीत अंधार का? या कोड्याचे उत्तर शोधताना प्रकाशाची तीव्रता, धारित्रातील ऊर्जा आणि शटरचे कार्य असे शाळेतल्या विज्ञानाचे बरेच धागे हाती लागतात. शिवाय कोणत्याही उपकरणाने दाखवलेल्या गोष्टीवर किती आणि केव्हा विश्वास ठेवावा, हा प्रश्नही त्यातून पुढे येतो. म्हणून हे कोडे आपण जरा सविस्तर पाहू या.

दोन प्रकारच्या खिडक्या

प्रथम आरशाचा कॅमेरा घेऊ. त्याला एसएलआर म्हणतात. भिंगातून आलेला प्रकाश आत तिरप्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वरच्या धूसर काचेवर प्रतिमा तयार होते, आणि ती प्रतिमा पंचकोनी लोलकातून आपल्या डोळ्याला सुलट दिसते. म्हणजे खोलीतलाच प्रकाश थेट डोळ्यात जातो. भिंगातील छिद्र, ज्याला ॲपर्चर म्हणतात, ते या वेळी पूर्ण उघडे असते. फोटो काढण्याच्या क्षणी आरसा वर उचलला जातो, छिद्र ठरवलेल्या मापाइतके लहान होते, शटर उघडते आणि प्रकाश संवेदकावर पडतो. खोलीत उजेड कमी असला तरी आपल्या डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टिपटल सरावते आणि आपल्याला पुरेसे दिसते. ही खिडकी समोरचे दृश्य दाखवते. फोटो कसा येईल याबद्दल ती काहीच सांगत नाही.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यात आरसाही नाही आणि लोलकही नाही. भिंगातून आलेला प्रकाश सतत संवेदकावरच पडत असतो. संवेदकाने टिपलेली प्रतिमा कॅमेऱ्यातला संगणक वाचतो आणि खिडकीच्या आत बसवलेल्या चिमुकल्या पडद्यावर दाखवतो. हे सेकंदाला ६० किंवा १२० वेळा घडते, त्यामुळे आपल्याला चलत्‌चित्र दिसते. भिंग बदलता येणारा आणि अशी इलेक्ट्रॉनिक खिडकी असलेला पॅनासॉनिकचा जी-१ हा कॅमेरा २००८ साली आला आणि त्यानंतर हा प्रकार झपाट्याने पसरला.

या खिडकीचा मोठा फायदा असा, की छायाचित्रकाराने छिद्राचे माप, शटरची वेळ आणि संवेदनशीलता ठरवली, की त्यानुसार फोटो किती उजळ किंवा काळपट येईल हे कॅमेरा आधीच दाखवू शकतो. संध्याकाळी अंगणात फोटो काढताना ही सोय फार उपयोगी पडते. पण आपल्या कोड्याचे मूळही नेमके याच सोयीत आहे.

थोडे गणित

स्टुडिओत साधारणपणे असे आकडे लावलेले असतात: संवेदनशीलता आयएसओ १००, छिद्र एफ/८ आणि शटर १/१२५ सेकंद. एफ/८ म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराच्या एक-अष्टमांश व्यासाचे छिद्र.

आता खोलीत फक्त घरगुती ट्यूबलाइट आहे असे समजा. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश सुमारे १६० लक्स आहे. एवढ्या प्रकाशात आयएसओ १०० आणि एफ/८ ठेवून नीट उजळ फोटो काढायचा असेल, तर शटर सुमारे १ सेकंद उघडे ठेवावे लागेल. आपण ते ठेवले आहे १/१२५ सेकंद. म्हणजे संवेदकाला हव्या त्या प्रकाशाचा फक्त सव्वाशेवा भाग मिळणार. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर प्रकाश एकदा निम्मा, मग त्याच्या निम्मा, असा सात वेळा निम्मा करावा इतका कमी.

खिडकी हेच दाखवत असते. तिच्यातला अंधार हा बिघाड नव्हे. ‘हे आकडे असेच ठेवलेत आणि खोलीतला उजेड असाच राहिला, तर फोटो असा येईल’, एवढेच ती सांगते आहे. खात्री करायची असेल तर फ्लॅश बंद ठेवून बटण दाबावे. फोटो खिडकीत दिसला तसाच काळा येईल.

छायाचित्रकाराला खरे तर हेच हवे असते. ट्यूबलाइटचा रंग वेगळा, तिची दिशा वेगळी. तिचा प्रकाश फोटोत मिसळू नये म्हणूनच त्याने हे आकडे निवडलेले असतात. फोटोतला सारा उजेड त्याने मांडलेल्या फ्लॅशमधून यावा, अशी त्याची इच्छा असते.

क्षणभराचा उजेड

फ्लॅशच्या आत झेनॉन वायू भरलेली एक नळी असते आणि तिला जोडलेले धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, असते. अशा विद्युत विसर्जनाच्या प्रकाशात फोटो काढण्याचे तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विकसित केले.

धारित्रात साठवलेली ऊर्जा ½ CV² या सूत्राने मिळते. समजा, धारित्र ४९०० मायक्रोफॅरडचे आहे आणि ते ३५० व्होल्टपर्यंत भारले आहे. सूत्रात हे आकडे घातले की ऊर्जा सुमारे ३०० ज्यूल येते. ६० वॅटचा दिवा ५ सेकंद जळाला तर एवढीच ऊर्जा लागते, म्हणजे ऊर्जा काही फार नाही. पण फ्लॅश ती सुमारे १/१००० सेकंदात मोकळी करतो. तेवढ्या क्षणापुरती त्याची शक्ती ३ लाख वॅट होते, म्हणजे ६० वॅटचे पाच हजार दिवे एकदम पेटावेत तशी. (विद्यार्थ्यांना एक सूचना अवश्य द्यावी. फ्लॅशचे खोके कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही धारित्रात बराच वेळ भार राहू शकतो आणि त्याचा धक्का प्राणघातक ठरू शकतो.)

आता शटरच्या वेळेकडे पुन्हा पाहू. १/१२५ सेकंद म्हणजे ८ मिलिसेकंद. या ८ मिलिसेकंदांपैकी फ्लॅश फक्त १ मिलिसेकंद पेटतो, आणि तेवढ्यात फोटोला लागणारा जवळजवळ सगळा प्रकाश देऊन जातो. उरलेल्या वेळात खोलीचा मंद उजेड आपली नगण्य भर घालतो.

खिडकीला हा १ मिलिसेकंद कसा दिसावा? ती ज्या वेळी चित्र दाखवते त्या वेळी तो उजेड अजून निर्माणच झालेला नसतो. दिवे किती आहेत, किती अंतरावर आहेत, त्यांची शक्ती किती ठेवली आहे, पुढे छत्री आहे की नाही, यांतले काहीही संवेदकाला ठाऊक नसते.

दाद कशाला आणि कशाला नाही

यातून एक गमतीदार गोष्ट निघते. समजा, आपण शटर १/१२५ ऐवजी १/६० सेकंद केले. खोलीचा प्रकाश दुप्पट वेळ मिळेल, त्यामुळे खिडकीतले चित्र दुप्पट उजळ होईल. फोटोत मात्र फरक दिसणार नाही. फ्लॅश आधीही १ मिलिसेकंद होता, आताही तेवढाच आहे, आणि खोलीचा वाटा सव्वाशेव्या भागावरून साठाव्या भागावर गेला तरी तो नगण्यच राहतो.

उलट, दिव्याच्या मागचे शक्तीचे बटण फिरवून फ्लॅश दुप्पट केला, तर फोटो दुप्पट उजळ होईल आणि खिडकीत तसूभरही फरक पडणार नाही. म्हणजे शटरच्या बटणाला खिडकी दाद देते पण फोटो देत नाही, आणि दिव्याच्या बटणाला फोटो दाद देतो पण खिडकी देत नाही.

हे ठाऊक नसेल तर कसे नुकसान होते ते पाहा. खिडकीत दिसत नाही म्हणून एखादा छायाचित्रकार संवेदनशीलता वाढवत जातो. आयएसओ १००, २००, ४०० असे करत सात पायऱ्या चढून १२८०० वर पोचला, की खिडकी छान उजळते. त्याला वाटते, जमले. मग फ्लॅश पडतो आणि फोटोला हवा त्याच्या सव्वाशे पटींहून अधिक उजेड मिळतो. चेहरा, कपडे, पडदा सारे पांढरेफटक. हे लगेच लक्षात आले तर ठीक. पण शाळेतल्या तीनशे मुलांना रांगेत बसवून घाईने फोटो काढणे चालले असेल, तर सगळ्यांना पुन्हा बोलवावे लागते. अतिप्रकाशाने पांढरा पडलेला भाग नंतर कोणत्याही संगणकावर परत आणता येत नाही, कारण त्यात माहितीच उरलेली नसते.

मग करायचे काय?

कॅमेऱ्याचे आकडे बदलायचे नाहीत. खिडकीची पद्धत बदलायची. जवळजवळ सर्वच कंपन्यांच्या अशा कॅमेऱ्यांत तशी सोय असते, फक्त नावे निरनिराळी. सोनीच्या कॅमेऱ्यात ‘लाइव्ह व्ह्यू डिस्प्ले’ या सदरात ‘सेटिंग इफेक्ट’ बंद करावा लागतो. कॅननमध्ये ‘एक्स्पोजर सिम्युलेशन’ बंद करायचे. फुजीफिल्ममध्ये मॅन्युअल पद्धतीतला ‘प्रिव्ह्यू’ बंद करायचा. सर्वांचा अर्थ एकच: फोटो कसा येईल ते दाखवू नकोस, समोर काय आहे ते नीट दिसेल असे दाखव.

एवढे केले की कॅमेरा संवेदकाचा संदेश आपणहून वाढवतो आणि खिडकी उजळते. त्याची किंमत मात्र द्यावी लागते. मंद प्रकाशाचा संदेश वाढवला की त्यासोबत विद्युत गोंगाटही वाढतो, म्हणून चित्र दाणेदार दिसते. प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ प्रकाश गोळा करावा लागला तर हालचाल किंचित अडखळत दिसते. शिवाय या खिडकीतील उजळपणावरून आता फोटोबद्दल काहीही अनुमान काढता येत नाही. खिडकीत दिसणारा प्रकाशाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, हाही खोलीच्या उजेडाचाच असतो, फ्लॅशचा नाही. फोटो योग्य येईल की नाही हे ठरवायचे, तर चेहऱ्याजवळ फ्लॅशमीटर धरून मोजायला हवे, किंवा एक चाचणीचा फोटो काढून तो तपासायला हवा.

‘कॅमेऱ्याला फ्लॅश जोडला आहे हे त्याला आपोआप कळत नाही का?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. काही वेळा कळते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवण्याची जी खाच असते, तिच्यात मधोमध एक मोठा संपर्कबिंदू आणि भोवती काही छोटे संपर्कबिंदू असतात. त्याच कंपनीचा फ्लॅश बसवला तर छोट्या संपर्कबिंदूंमधून संदेश जातात आणि बरेच कॅमेरे खिडकी आपणहून उजळ करतात. पण स्टुडिओतले दिवे दूर उभे असतात आणि ते पेटवायला खाचेत एक रेडिओ ट्रिगर बसवलेला असतो. साधा ट्रिगर फक्त मधला संपर्कबिंदू वापरतो. त्यातून मंडल पूर्ण होते आणि दिवे पेटतात, इतकेच. अशा वेळी आपल्याला फ्लॅश जोडला आहे हे कॅमेऱ्याला ठाऊकच नसते. ते आपणच सांगावे लागते.

दुसरा उपाय आणखी सोपा आहे. खोलीतला उजेड वाढवावा. स्टुडिओच्या फ्लॅशमध्ये नळीशेजारी एक सतत जळणारा दिवा असतो. त्याला मॉडेलिंग लॅम्प म्हणतात. सावल्या कुठे पडतील हे त्यावरून कळते आणि कॅमेऱ्याला फोकस करायलाही मदत होते. तो लावला, वर ट्यूबलाइटही चालू ठेवली, तरी फोटो बिघडत नाही. खोलीतला एकूण उजेड चौपट झाला तरी फोटोतला त्याचा वाटा सुमारे तीन टक्केच होतो. मात्र हा दिवा जुन्या टंगस्टन तारेचा असेल तर त्याचे रंगतापमान ३००० केल्व्हिनच्या आसपास असते, आणि फ्लॅशचे सुमारे ५५०० केल्व्हिन. कॅमेरा फ्लॅशच्या रंगावर लावलेला असल्यामुळे खिडकीत माणूस नारिंगी दिसतो आणि फोटोत बरोबर येतो. त्या नारिंगी रंगाला घाबरून रंगाची मांडणी बदलू नये.

आणखी एक गोष्ट खिडकी दाखवू शकत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात. पहिला पडदा उघडत जातो आणि दुसरा त्याच्या मागोमाग बंद होत येतो. सुमारे १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा असतो की संपूर्ण संवेदक उघडा असतो, आणि फ्लॅश नेमका तेव्हा पडतो. त्याहून वेगवान शटर ठेवले तर दोन पडद्यांमध्ये केवळ एक फट सरकत जाते, आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो. खिडकीत त्या पट्ट्याची चाहूलही लागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनीच्या अल्फा ९-३ या कॅमेऱ्यात संवेदकाचे सर्व बिंदू एकाच वेळी प्रकाश टिपतात, त्यामुळे त्यात ही अडचण राहिलेली नाही. फ्लॅश पेटण्याआधी त्याचा उजेड दाखवणे मात्र त्यालाही शक्य नाही.

अंदाज आणि गृहीतक

अंकगणितातले हौद आणि नळ यांचे उदाहरण सर्व शिक्षकांच्या परिचयाचे आहे. एका नळाने हौद चार तासांत भरतो, तर दोन तासांत किती भरेल? उत्तर ‘निम्मा’. हे उत्तर बरोबर असायला नळाची धार शेवटपर्यंत तशीच राहायला हवी. उदाहरणात ते लिहिलेले नसते, आपण ते गृहीत धरतो. मध्येच कोणी दुसरा मोठा नळ सोडला तर गणित चुकले असे नाही, गृहीतक बदलले.

इलेक्ट्रॉनिक खिडकीचेही असेच आहे. ‘आत्ता जो उजेड आहे तोच फोटो काढतानाही असेल’ हे तिचे गृहीतक. अंगणात, वर्गात, रस्त्यावर ते बहुधा खरे असते, म्हणून तिचा अंदाज खरा ठरतो. स्टुडिओत ते मुळातच खोटे असते. कॅमेरा दोन्हीकडे तेच गणित तितक्याच अचूकपणे करतो. फरक ओळखायचे काम त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाचे आहे. आम्हाला वाटते, उपकरणे वापरायला शिकवताना त्यांची बटणे शिकवण्याइतकेच हेही शिकवायला हवे, की हे उपकरण काय गृहीत धरून बोलते आहे.

वर्गात करून पाहा

यासाठी स्टुडिओची गरज नाही. ज्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ पद्धत आहे असा एक मोबाइल, एक टॉर्च आणि अंधार करता येईल अशी खोली पुरे.

१) पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवा. मोबाइल दोन मीटरवर पुस्तकांच्या आधाराने स्थिर ठेवा. आयएसओ १०० आणि शटर ४ सेकंद करा. खोलीत अंधार करा. मोबाइलच्या पडद्यावर काय दिसते ते विद्यार्थ्यांना नोंदवायला सांगा. मग बटण दाबा, आणि त्या ४ सेकंदांत एका विद्यार्थ्याने पांढरा कागद लावलेला टॉर्च गोलावर मनात ‘एक’ म्हणेपर्यंत पेटवून बंद करावा. पडद्यावर जे नव्हते ते फोटोत येईल. फोटो फार पांढरा आला तर कागदाच्या घड्या वाढवा.

२) टॉर्च तेवढाच वेळ पेटवून शटर ८ सेकंद करा. गोल पहिल्यापेक्षा उजळ येईल का? उत्तर आधी लिहून घ्या, मग फोटो काढा.

३) शटर पुन्हा ४ सेकंद करून टॉर्च ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत पेटवा. आता काय होते?

४) खोलीत दुसरा मंद दिवा चालू ठेवून प्रयोग १ आणि २ पुन्हा करा. या वेळी शटरची वेळ बदलल्यावर फोटोतला कोणता भाग उजळतो आणि कोणता तसाच राहतो?

चौथ्या प्रयोगातील निरीक्षणे तक्त्यात मांडली, तर फोटोत मिसळलेले दोन प्रकाश वेगळे ओळखता येतात: एक वेळेच्या प्रमाणात साठणारा आणि दुसरा एकाच झटक्यात येऊन जाणारा. विद्यार्थ्यांना हा तक्ता स्वतः करू द्यावा, आणि गावातल्या एखाद्या छायाचित्रकाराला शाळेत बोलावून तो त्यांच्यापुढे ठेवावा. बहुतेकांना त्यात आपली रोजची अडचण ओळखू येईल.